बटणाच्या अगोदर

1,08,840 आणि 1,07,841. देगलूर विधानसभा मतदारसंघातले हे दोन आकडे कितीही वेळा पाहिले तरी मला स्वस्थ बसू देत नाहीत. पहिला ऑक्टोबर 2021 च्या पोटनिवडणुकीतला, दुसरा नोव्हेंबर 2024 च्या सार्वत्रिक निवडणुकीतला. दोन्ही वेळा निवडून आले जितेश अंतापूरकर. पहिल्या वेळी मतदान यंत्रावर त्यांच्या नावापुढं पंजा होता, दुसऱ्या वेळी कमळ. मधल्या तीन वर्षांत मतं कमी झाली फक्त 999.

दुसऱ्या बाजूचे आकडे याहून विलक्षण आहेत. सुभाष साबणे 2014 साली शिवसेनेचे म्हणून इथून निवडून आले तेव्हा त्यांना 66,852 मतं होती. 2019 ला त्याच धनुष्यबाणावर 66,974 मतं मिळाली आणि ते हरले. 2021 ला ते शिवसेना सोडून भाजपमध्ये गेले, कमळावर उभे राहिले आणि 66,907 मतं घेऊन पुन्हा हरले. पक्ष बदलला, चिन्ह बदललं आणि फरक पडला 67 मतांचा.

हे आकडे सांगितले की ऐकणारा लगेच म्हणतो, मग काय, आपल्याकडचे लोक माणसाला मत देतात, पक्षाला नाही. शहरातून येणारे पत्रकार हेच लिहून जातात. मला हे पटत नाही. बेरीज सारखी आली म्हणून माणसं तीच राहिली असं होत नाही. 2021 मध्ये पंजाचं बटण दाबणारे कितीतरी जण 2024 मध्ये त्याच नावापुढचं कमळ दाबायला गेले नसतील, आणि तोवर त्या नावाच्या विरोधात घसा कोरडा करणारे कितीतरी जण मन घट्ट करून तिकडं वळले असतील. आलेले आणि गेलेले जवळपास सारखे भरले, म्हणून वरून पाहणाऱ्याला पाणी संथ दिसतं. माझी नोकरी शाळेत गेली, निवडणुकीच्या ड्यूट्या पुष्कळ केल्या. केंद्राध्यक्षाच्या खुर्चीतून मतदाराचा चेहरा दिसतो. त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागं माणूस किती वेळ थांबतो हेही कळतं. पूर्वी माणसं आत जायची, बटण दाबून बाहेर यायची. अलीकडं थांबतात.

थांबण्यासारखंच झालंय. 2009 साली मतदारसंघांची नवी आखणी लागू झाली, देगलूर आणि बिलोली भागाचा हा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला आणि पहिल्याच निवडणुकीत काँग्रेसचे रावसाहेब अंतापूरकर आमदार झाले. समोर साबणे होते. 2014 ला साबणे जिंकले, रावसाहेब हरले. 2019 ला उलटं झालं. एप्रिल 2021 मध्ये कोरोनानं रावसाहेबांना नेलं आणि पोटनिवडणुकीत त्यांचे चिरंजीव जितेश उभे राहिले. समोर पुन्हा साबणेच. 2024 ला साबणे प्रहार जनशक्ती पक्षाकडून उभे होते. म्हणजे सलग पाच निवडणुका यंत्रावर हीच दोन आडनावं. 2009 ला अठराव्या वर्षी पहिलं मत देणारी माझी विद्यार्थिनी आज दोन लेकरांची आई आहे. तिला आजवर मुख्यत्वे या दोन घरांतूनच निवड करावी लागली. उमेदवारांत वाईट काय होतं, असं कुणी विचारेल. दोघांबद्दलही माझी व्यक्तिगत तक्रार नाही. रावसाहेब लोकांत मिसळणारे होते, साबणे पूर्वी मुखेडचेही आमदार होते, अनुभवी. माझी तक्रार निराळी आहे. या पाच वेळांपैकी एकदाही, कुणालाही उभं करण्याच्या आधी, इथल्या माणसाला कुणी विचारलं नाही.

2021 ची पोटनिवडणूक आठवते. दिवाळी तोंडावर होती, सोयाबीन घरात येत होतं आणि मुंबईहून मंत्री, माजी मंत्री रोज गावात येत होते. शिवसेना तेव्हा महाविकास आघाडीत, म्हणून तिचा पाठिंबा काँग्रेसला. शिवसेनेचा इथला माणूस कमळावर. आमच्या ओळखीतला एक जुना शिवसैनिक, शाखेची पाटी स्वतःच्या हातानं लावलेला, माझ्या ओट्यावर येऊन बसला.

"गुरुजी, मी कुणाला टाकू सांगा. माझा माणूस कमळाकडं गेला. माझा पक्ष पंजाकडं गेला. मी जिथं होतो तिथंच हाव. यंत्रावर माझं काहीच न्हाई."

मी त्याला उत्तर दिलं नाही, कारण त्याला उत्तर नको होतं. त्याचं दुःख खरं होतं. वीस-पंचवीस वर्षं ज्या चिन्हासाठी भिंती रंगवल्या ते चिन्ह त्या दिवशी यंत्रावर नव्हतं, आणि ते काढून टाकताना त्याला एका शब्दानं कुणी विचारलं नव्हतं.

तीन वर्षांनी तसाच माणूस दुसऱ्या बाजूनं आला. हा भाजपचा बूथप्रमुख. फेब्रुवारी 2024 मध्ये नांदेडचे नेते अशोक चव्हाण काँग्रेस सोडून भाजपमध्ये गेले होते. ऑगस्टच्या अखेरीस जितेश अंतापूरकरांनी आमदारकीचा राजीनामा दिला आणि तेही भाजपमध्ये आले. नोव्हेंबरमध्ये तेच भाजपचे उमेदवार.

"2021 ला ज्याच्या विरोधात मी दारोदार फिरलो, आता त्याच्याच चिठ्ठ्या घेऊन त्याच दारांत जायचं. लोक मला विचारायलेत, तू तवा खरं बोलत होतास का आता बोलायलास? काय सांगू त्यांना?"

त्याच सुमाराला काँग्रेसचा एक कार्यकर्ता चौकात उभा होता. पक्षानं निवृत्ती कांबळे यांना उमेदवारी दिली होती. ज्या उमेदवारासाठी गेल्या खेपेला रात्र रात्र जागला, त्याच्याविरुद्ध आता त्याला उभं राहायचं होतं. कार्यकर्त्यांची आमच्याकडची जुनी तक्रार आहे, आम्ही सतरंज्या उचलायच्या आणि आयात केलेल्यानं खुर्चीवर बसायचं. पण कार्यकर्त्यासाठी निदान ही तक्रार करायला एक पक्ष कार्यालय तरी असतं. माझ्यासारखा साधा मतदार, ज्यानं कोणत्याच पक्षाची पावती फाडलेली नाही, त्यानं कुठं जायचं?

उमेदवार कसा ठरतो हे खेड्यातल्या माणसालाही पक्कं माहीत आहे. इच्छुकांचे अर्ज मागवतात, मुलाखती होतात, निरीक्षक येऊन जातात, हार-तुरे होतात. मग यादी वर जाते, नांदेडहून मुंबईला, मुंबईहून दिल्लीला. तिथं एका खोलीत चार-सहा माणसं बसतात. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत जो पक्षाचा एबी फॉर्म घेऊन पोहोचतो तो उमेदवार. 'ए' नमुना सांगतो, पक्षाच्या वतीनं नाव द्यायचा अधिकार कुणाला. 'बी' नमुना सांगतो, नाव कुणाचं. त्या दोन कागदांवर अडीच-तीन लाख माणसांची पाच वर्षं ठरतात आणि त्या कागदांवर मतदाराचा अंगठा कुठंच नसतो. आपल्याला घटनेनं मताचा हक्क दिला, तो शेवटच्या दिवसाचा आहे. त्याआधीचे सगळे दिवस पक्षांनी स्वतःकडं ठेवले आहेत, आणि त्यांच्यावर कायद्याचं बंधन जवळपास नाहीच. पक्षांतरबंदीच्या कायद्यानं 1985 पासून आमदाराला पक्षाशी बांधलं, पण राजीनामा देऊन दुसऱ्या चिन्हावर परत यायची वाट मोकळीच आहे. मतदाराशी त्याला बांधणारं तर काहीच नाही.

राखीव मतदारसंघात हे दुखणं आणखी खोल जातं, आणि इथं मला इतिहासात जावंच लागतं.

उमेदवार मतदारांनीच आधी निवडावा, म्हणजे प्राथमिक निवडणूक व्हावी, ही कल्पना परदेशातून आलेली नवी टूम आहे असं पुष्कळांना वाटतं. ती आपल्याकडं एकेकाळी कायद्यानं होती, तीही नेमकी राखीव जागांसाठी. 24 सप्टेंबर 1932 ला येरवड्याच्या तुरुंगात पुणे करार झाला. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतंत्र मतदारसंघांची मागणी सोडली, राखीव जागा वाढून 148 झाल्या आणि सोबत एक अट घातली गेली. राखीव जागेसाठी दलित मतदारांनी आधी आपल्यातून चार नावं निवडायची आणि मग त्या चौघांतून एकाला सर्व जातींच्या मतदारांनी मिळून निवडायचं. ही पहिली फेरी दहा वर्षांसाठी होती. 1937 आणि 1946 च्या प्रांतिक निवडणुका याच नियमानं झाल्या.

तिचा अनुभव बाबासाहेबांना समाधान देणारा ठरला नाही. इच्छुक चारांहून अधिक असतील तरच ती फेरी व्हायची, त्यामुळं बहुतेक ठिकाणी झालीच नाही. जिथं झाली तिथंही पहिल्या फेरीत समाजानं ज्याला शेवटच्या क्रमांकावर टाकलं, तो दुसऱ्या फेरीत बाकीच्यांच्या मतांवर निवडून येऊ शकत होता. त्यांनी हे आकडेवारीनिशी मांडलं. समाजाचा विश्वास कुणावर आहे हे पहिल्या फेरीत दिसतं आणि दुसऱ्या फेरीत पुसलं जातं, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता.

देगलूर तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. इथल्या बापजाद्यांना 1937 चं मत माहीतच नव्हतं. हैदराबाद मुक्त झालं ते सप्टेंबर 1948 मध्ये, आणि प्रौढ मताधिकारानं पहिली निवडणूक झाली 1952 मध्ये. म्हणजे पुणे करारातली ती पहिली फेरी या मातीपर्यंत कधी पोहोचलीच नाही, आणि नव्या घटनेत ती राहिली नाही. आज 2009 पासून देगलूर राखीव आहे. उमेदवार अनुसूचित जातीचा असतो, पण तो कोण असावा हे ठरवणारी माणसं बहुधा त्या समाजातली नसतात. नांदेडच्या नेत्याचा शब्द, दोन्ही तालुक्यांतल्या मातब्बर मंडळींचं गणित, साखर कारखाना, बाजार समिती, जिल्हा बँक. ज्या वस्तीच्या नावानं जागा राखून ठेवली त्या वस्तीत मी अनेक वर्षं शिकवलं. तिथल्या मुलांत नेतृत्वाची वानवा नाही. वाचनालय चालवणारे आहेत, वकील झालेले आहेत, एक मुलगी रुग्णवाहिका बोलावण्यापासून शिधापत्रिकेपर्यंत सगळ्या गल्लीची कामं करते. तिला मी एकदा म्हणालो, उभी राहा. ती म्हणाली, "सर, आपल्याला उभं राहायला कुणाच्या तरी मागं उभं राहावं लागतंय." हे वाक्य मला कोणत्याही राज्यशास्त्राच्या पुस्तकात सापडलं नसतं.

आता आमच्या शेजारच्या लातूरचं. 2014 च्या लोकसभा निवडणुकीआधी राहुल गांधींच्या आग्रहानं काँग्रेसनं देशातल्या पंधरा-सोळा मतदारसंघांत उमेदवार ठरवण्यासाठी पक्षांतर्गत मतदान घेतलं. महाराष्ट्रात त्यासाठी वर्धा आणि लातूर निवडले गेले. लातूर लोकसभेत आमच्या नांदेड जिल्ह्यातला लोहा येतो आणि लातूरही अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, म्हणून माझं तिकडं बारीक लक्ष होतं. मतदान झालं, दत्तात्रय बनसोडे उमेदवार ठरले. मे महिन्यात भाजपचे सुनील गायकवाड अडीच लाखांहून अधिक मतांनी जिंकले. वर्ध्यातही तसंच झालं, प्राथमिक फेरी जिंकलेले सागर मेघे मुख्य निवडणूक हरले. पुढं महाराष्ट्रात तो प्रयोग कुणी पुन्हा केला नाही. 'पाहा, कार्यकर्त्यांना विचारलं की हे असं होतं,' म्हणून श्रेष्ठी मोकळे झाले.

तो निष्कर्ष मला अन्यायाचा वाटतो. 2014 च्या लाटेत दिल्लीनं ठरवलेले काँग्रेसचे उमेदवारही राज्यभर पडलेच होते. नांदेड आणि हिंगोली या दोनच जागा वाचल्या. मग दोष त्या पद्धतीवर कसा? आणि तिला पुरती पद्धत तरी कुठं म्हणायचं? मत फक्त पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना होतं. बाभळगावच्या शेतमजुराला, उदगीरच्या आडत्याला, लोह्याच्या शिक्षिकेला त्यात जागा नव्हती. खोली थोडी मोठी केली आणि आत थोडी माणसं जास्त बसवली, इतकंच झालं. तरीही मी त्याला चांगलंच म्हणतो. कारण पराभवानंतर निदान एवढं कळत होतं की हे नाव कुठून आलं. खोलीतून आलेल्या नावाची जबाबदारी कुणीच घेत नाही.

राहुल गांधी नंतर आमच्या गावातही आले. 7 नोव्हेंबर 2022 च्या रात्री भारत जोडो यात्रा तेलंगणातल्या मदनूरकडून देगलूरमध्ये शिरली. महाराष्ट्रातलं तिचं पहिलं पाऊल इथं पडलं. छत्रपतींच्या पुतळ्याजवळ गर्दी मावत नव्हती, हातात मशाली होत्या. स्वागताला अशोक चव्हाण होते. तेव्हा आमदार असलेले जितेश अंतापूरकरही याच पक्षाचे होते. दोन वर्षं व्हायच्या आत दोघंही दुसऱ्या पक्षात होते. मी त्या रात्री गर्दीत होतो, पक्षासाठी नाही, आपल्या गावात देशाचं काहीतरी घडतंय म्हणून. लातूरला कार्यकर्त्यांना विचारा म्हणणारा नेता आमच्या दारात आला होता. त्या दिवसांत कुणीतरी ओट्यावर येऊन विचारायला हवं होतं की पुढच्या वेळी इथं कोण हवं. नुसतं विचारलं असतं तरी चाललं असतं.

माझा एक विद्यार्थी टेक्सासमध्ये असतो. नागरिकत्व मिळाल्यावर 2020 साली पहिल्यांदा तिथल्या प्राथमिक निवडणुकीत त्यानं मत दिलं. तिथं ही पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. विस्कॉन्सिन राज्यानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच पक्षाच्या पुढाऱ्यांकडून उमेदवारी काढून मतदारांकडं दिली. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार बहुतांशी प्राथमिक मतदानानं ठरू लागला तो 1968 च्या शिकागो अधिवेशनातल्या गोंधळानंतर. टेक्सासमध्ये पक्षाचं सदस्य असण्याची गरज नाही, कुठल्याही एका पक्षाच्या प्राथमिक फेरीत जाऊन मत देता येतं. हे ऐकून मला हेवा वाटला. पण तो फोनवर वैतागलेला होता. त्यानं मुदतपूर्व मतदानात आपलं मत टाकलं आणि मुख्य मतदान 3 मार्चला होणार, त्याच्या एक-दोन दिवस आधी त्याच्या आवडत्या उमेदवारानं माघार घेतली. आयोवा आणि न्यू हॅम्पशायरसारखी छोटी राज्यं आधी बोलली होती आणि मोठ्या राज्यांपर्यंत पाळी येईतो निम्मे उमेदवार गळले होते. "गुरुजी, इथंही माझ्या आधी दुसऱ्यांनीच ठरवलं," तो म्हणाला.

मी त्याला म्हटलं, तुझ्या आधी ठरवलं ते निदान मतदारांनी. माझ्या आधी ठरवतात ते कोण, हे मला नीट माहीतही नाही. त्याचा वैताग खोटा नव्हता. तिकडं पैसा प्रचंड लागतो, मतदान कमी होतं, कडव्या बाजूंचा आवाज मोठा होतो, हे सगळं मी वाचलंय. तरी त्याच्याकडं तक्रार करायला एक दिनांक होता, एक मतपत्रिका होती. माझी तक्रार कोणत्या दिनांकावर लिहायची?

आमच्याकडं तक्रारीसाठी एकच बटण आहे, सगळ्यात खालचं. 'नोटा' यायच्या आधी कुणालाच मत द्यायचं नसेल तर केंद्राध्यक्षाला सांगावं लागे, आम्ही रजिस्टरमध्ये शेरा लिहून सही घ्यायचो आणि खोलीतल्या सगळ्या पोलिंग एजंटांना कळायचं की याचा राग आहे. खेड्यात ती हिंमत कोण करणार? सप्टेंबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो राग गुप्त ठेवायची सोय केली. आणि 2019 साली लातूर ग्रामीणनं देशाला चकित केलं. काँग्रेसचे धीरज देशमुख 1,35,006 मतं मिळवून जिंकले आणि दुसऱ्या क्रमांकावर कुणी माणूस नव्हता, 27,500 मतं घेऊन 'नोटा' होतं. शिवसेनेचे उमेदवार तिसरे, साडेतेरा हजारांवर. ही जागा भाजपचे लोक बांधत आले होते. युतीच्या वाटपात ती सेनेला सुटली आणि बाहेरचं वाटणारं नाव समोर आलं. लोकांनी सांगितलं, हा नको. 2024 ला जागा भाजपकडं आली, रमेश कराड उभे राहिले आणि साडेसहा हजारांच्या आसपास फरकानं त्यांनी धीरज देशमुखांना हरवलं. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की मला त्यात एकच मागणी ऐकू येते, आम्हाला आधी विचारा.

पण नोटानं निकाल बदलत नाही. आमदार-खासदारांच्या निवडणुकीत नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तरी दुसऱ्या क्रमांकाचा माणूस निवडून येतो. राज्य निवडणूक आयोगानं 2018 मध्ये महाराष्ट्रातल्या स्थानिक संस्थांसाठी मात्र वेगळा नियम केला, तिथं नोटा पहिलं आलं तर फेरनिवडणूक. हा नियम विधानसभेला का नसावा? निदान पक्षांच्या मनात धाक राहील. पण धाक म्हणजे काही निवड नव्हे. 'नको' म्हणता येतं, 'हा हवा' म्हणायला जागा उरतच नाही.

इथल्या लोकांना निवड करता येत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी 20 नोव्हेंबर 2024 चा दिवस पाहावा. खासदार वसंतराव चव्हाण ऑगस्टमध्ये वारले, म्हणून नांदेड लोकसभेची पोटनिवडणूक विधानसभेबरोबरच झाली. एकाच खोलीत दोन मतं द्यायची होती. नांदेड लोकसभेतले सहाही विधानसभा मतदारसंघ महायुतीनं जिंकले. त्याच सहा मतदारसंघांतल्या त्याच लोकांनी त्याच दिवशी लोकसभेला काँग्रेसच्या रवींद्र चव्हाणांना निवडून दिलं, 1,457 मतांनी. पहिलं बटण एका विचारानं आणि दुसरं दुसऱ्या विचारानं दाबणारी हजारो माणसं या भागात आहेत. त्यांत सही येत नाही म्हणून अंगठा उमटवणाऱ्या म्हाताऱ्याही आहेत. इतक्या बारकाईनं विचार करणाऱ्या माणसांना उमेदवार ठरवताना मात्र अजाण समजायचं, याची मला चीड येते.

मला काय हवंय ते मी कुणी विचारलं तर सांगेन, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगतो. अर्ज भरायच्या महिनाभर आधी प्रत्येक पक्षानं आपले इच्छुक देगलूर, हाणेगाव, मरखेल, करडखेड, बिलोली, कुंडलवाडी, सगरोळी अशा ठिकाणी बाजाराच्या दिवशी लोकांसमोर बसवावेत. भाषण नको. लोकांनी विचारायचं, त्यांनी सांगायचं. लेंडी प्रकल्प किती दशकं अडकला आणि तुम्ही विधानसभेत त्याबद्दल काय बोलणार? मांजरा नदीची वाळू रोज कुठं जाते? सीमेपलीकडं तेलंगणात शेतकऱ्याला एकरामागं पैसे मिळायला लागले तेव्हा आमच्या काही गावांनी आम्हाला तिकडं जाऊ द्या म्हणून मागणी केली, त्यांना तुमचं उत्तर काय? अडलेल्या बाळंतिणीला अजून ऐंशीएक किलोमीटर नांदेडला का न्यावं लागतं? आणि शेवटचा प्रश्न प्रत्येकाला सारखाच, निवडून आल्यावर पक्ष सोडलात तर आम्हाला विचारून सोडाल का? मग ज्याला त्या पक्षाचं मत द्यायचंय त्यानं, पावती असो वा नसो, मतदार यादीतलं नाव दाखवून एक चिठ्ठी टाकावी. राखीव जागेवर त्या चिठ्ठ्यांत अनुसूचित जातीच्या वस्त्यांचा कौल वेगळा मोजून जाहीर करावा. बाबासाहेबांचा आक्षेप होता की पहिल्या फेरीतला कौल दुसऱ्या फेरीत पुसला जातो. निदान तो लपवता येऊ नये.

पक्ष म्हणतील, खर्च होतो, भांडणं लागतात, विरोधक आपल्या चिठ्ठ्या टाकून कच्चा उमेदवार पुढं करतील. भांडणं आताही लागतात, बंडखोर उभे राहतात, रातोरात पक्ष बदलतात. खर्च तर विचारूच नये. राहिला विरोधकांच्या चिठ्ठ्यांचा प्रश्न, तो खरा आहे आणि त्याला उपाय शोधावा लागेल. एका माणसाची एकाच पक्षाच्या पेटीत चिठ्ठी आणि बोटाला शाई, इतकं तर आमच्यासारखे निवृत्त शिक्षकही सांभाळू शकतील. आयुष्यभर पेट्याच सांभाळल्या. गल्लीची कामं करणाऱ्या त्या मुलीला मी सांगून ठेवलंय, असा दिवस कोणत्याही पक्षानं आणला तर तुझा अर्ज भरायला मी येईन आणि सूचक म्हणून पहिली सही माझी असेल. तिनं विचारलं, "कोणत्या पक्षाकडून, सर?" मी म्हणालो, जो आधी विचारेल त्याच्याकडून.